सूर्यास्ताच्या आत

‘लव्हक्राफ्ट कंट्री’ ही दहा भागांची भयमालिका एचबीओवर २०२० साली आली. मॅट रफ यांच्या कादंबरीवरून मिशा ग्रीन यांनी ती साकारली. काळ १९५० च्या दशकातला, देश अमेरिका. कोरियन युद्धातून परतलेला ॲटिकस हा कृष्णवर्णीय तरुण बेपत्ता वडिलांना शोधायला काका आणि मैत्रीण लेटी यांच्यासोबत मोटारीने निघतो. कृष्णवर्णीयांना कुठे जेवण मिळेल, कुठे राहता येईल, हे सांगणारी मार्गदर्शिका काका काढत असतात. ‘ग्रीन बुक’ नावाची अशी पुस्तिका तिथे १९३६ पासून खरोखरच निघत असे.

पहिल्याच भागात पोलीस अधिकारी त्यांना बजावतो, सूर्य मावळायच्या आत हद्द सोडा. पुढे जंगलात राक्षसी प्राणी येतात, पण खरा थरकाप उडतो तो घड्याळ आणि मावळता सूर्य बघताना. तिसऱ्या भागात लेटी गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. त्या घरात भुतं आहेत. ती शेवटी तिच्या बाजूने उभी राहतात, शेजारी मात्र नाहीत.

हे सगळं पाहताना बडोदेकरांना आपल्याच शहरातली एक गोष्ट आठवायला हवी. महाराजा सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले भीमराव आंबेडकर १९१७ मध्ये बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. ‘अस्पृश्य’ म्हणून त्यांना कुणी जागा देईना. शेवटी पारशी नाव लावून ते रोज दीड रुपया देऊन एका पारशी विश्रामगृहात राहिले. त्यांनीच पुढे लिहून ठेवलेलं वर्णन एखाद्या भयकथेत शोभेल असं आहे : मोडक्या सामानाने भरलेलं दालन, मिणमिणता कंदील, वटवाघळांचे आवाज आणि बोलायला माणूस नाही.

तो अंधार त्यांनी सोसला. अकराव्या दिवशी मात्र काठ्या घेतलेले डझनभर लोक दारात आले. आठवडाभराची मुदतही त्यांनी दिली नाही. संध्याकाळपर्यंत जागा सोडायची, एवढंच! एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र होता, पण त्यांच्याही घरी आसरा मिळाला नाही. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कमाटीबागेत काढले. ती जागा आज ‘संकल्पभूमी’ म्हणून ओळखली जाते.

आपण मुलांना त्याच बागेत खेळायला नेतो. सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली, हे अभिमानाने सांगतोही. पण राजाने बोलावलेल्या माणसाला गावाने घर दिलं नाही, हेही मुलांना सांगायला हवं. कारण सोसायटीत फ्लॅट भाड्याने देताना ‘आडनाव काय?’ हा प्रश्न अजून विचारला जातो, आणि तो नेहमीच पत्र्यावर लिहिण्यापुरता नसतो.

मालिकेत हिंसा आणि प्रौढ दृश्यं बरीच आहेत, त्यामुळे ती मोठ्यांनीच पाहावी. कमाटीबागेतली गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावी.