उन्हाळी, करवंद आणि क्रॅनबेरीची गोळी

निपाणीत सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजारावर ठरते. ती उठली की हात थांबतो, आणि हात थांबला की त्या वेळचे पैसे गेले. म्हणून पाणी बेतानं प्यायचं, लघवी रोखून धरायची आणि आणखी एक कट्टा बांधून मगच उठायचं. दीपा धनराज आणि त्यांच्या ‘युगांतर’ गटानं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या तंबाखू कामगार बायकांवर माहितीपट केला, तेव्हा वखारीतल्या कष्टांचा आवाज बाहेर पोचला. देहाच्या काही तक्रारी मात्र बायका आजही जावेलासुद्धा सांगत नाहीत. उन्हाळी लागणं ही त्यातलीच एक.

लघवीला जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं, थेंबथेंब होते. घरात निदान ठरलेलं असतं : अंगात उष्णता झालीय. मग धन्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक. यानं पोटात पाणी जातं, ते चांगलंच. पण बहुतेक वेळा दुखणं जंतूंचं असतं, आणि तो जंतू आपल्याच आतड्यात राहणारा ई. कोलाय असतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, गुदद्वार जवळ. त्यामुळे जंतूला मूत्राशय गाठायला फार प्रवास करावा लागत नाही. जवळजवळ निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झाला, तर डॉक्टर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. क्रॅनबेरीच्या गोळीचा विषय खरा सुरू होतो तो इथे.

क्रॅनबेरी उत्तर अमेरिकेतलं आंबट लाल फळ. अमेरिकेत विस्कॉन्सिन आणि मॅसॅच्युसेट्समध्ये त्याचे मोठे मळे आहेत; काढणीच्या वेळी ते पाण्यानं भरतात आणि फळं वर तरंगतात. त्यात ए-प्रकारची प्रोअँथोसायनिडिन्स नावाची द्रव्यं असतात. ई. कोलायच्या अंगावर बारीक केसांसारखे धागे असतात, त्यांच्या जोरावर तो मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतो. ही द्रव्यं ती पकड ढिली करतात, असं मानलं जातं. जंतू चिकटलाच नाही तर लघवीबरोबर वाहून जातो. म्हणजे ही गोळी जंतू मारत नाही. जळजळ सुरू झाल्यावर ती घेऊन बसणं म्हणजे उपचाराचे दिवस वाया घालवणं.

गोळीचा गुण येतो का, हे चाचणीनंच ठरवायला हवं. आपल्या भागाला हे नवं नाही. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बाळंतिणींवर केलेली मिसोप्रोस्टॉल या गोळीची चाचणी २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचं प्रमाण बारा टक्क्यांवरून साडेसहाच्या आसपास आलं होतं. गोळीवर विश्वास ठेवायचा तो अशा पुराव्यावर.

क्रॅनबेरीचा पुरावा बरीच वर्षं डळमळीत होता. २०१२ साली कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यानं तिला फारसं श्रेय दिलं नाही. २०२३च्या नव्या आढाव्यात पन्नास अभ्यास, सुमारे नऊ हजार माणसं आली, आणि चित्र बदललं. वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांमध्ये धोका साधारण एक चतुर्थांशानं कमी झाला, मुलांमध्ये निम्म्याहून अधिक. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्या माणसांना, गरोदर बायकांना आणि मूत्राशय नीट रिकामं न होणाऱ्यांना फायदा दिसला नाही. म्हणजे आजीसाठी कौतुकानं आणलेल्या बाटलीचा उपयोग होईल, याची खात्री नाही.

आपल्याकडे ही गोळी औषध म्हणून नव्हे, पूरक आहार म्हणून विकली जाते. वेष्टनावरही तसं छापलेलं असतं. अर्क पाचशे मिलिग्रॅम असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असलं, तरी बघायचं ते प्रोअँथोसायनिडिन किती. बऱ्याच अभ्यासांत दिवसाला ३६ मिलिग्रॅम वापरलं गेलं. तो आकडाच छापलेला नसेल तर आपण कशाचे पैसे देतोय हे कळायला मार्ग नाही. पुष्कळ गोळ्यांत डी-मॅनोज ही साखरही मिसळलेली असते. तिची ब्रिटनमध्ये ५९८ बायकांवर सहा महिने चाचणी झाली, २०२४ साली निकाल आला : उपयोग नाही. बाटलीबंद गोड रसाबद्दल तर मधुमेहींनी विचारही करू नये. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा मुतखडा होत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. जांबोटी, चोर्ला घाटातली करवंदं उन्हाळ्यात बेळगावच्या बाजारात येतात, आणि ‘हीच आपली क्रॅनबेरी’ असं बिनदिक्कत सांगितलं जातं. दोन्ही आंबट, दोन्ही लालसर, पण कुळं निराळी. करवंद कण्हेरीच्या कुळातलं, क्रॅनबेरी ब्ल्यूबेरीच्या. करवंदं जरूर खावीत, लोणचं घालावं. पण क्रॅनबेरीच्या चाचण्यांचा निकाल त्यांना लावता येत नाही.

ताप, हुडहुडी, कंबरेच्या वर पाठीत दुखणं, लघवीतून रक्त, किंवा दिवस गेलेले असताना जळजळ – यांत घरगुती काही करत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. त्रास वारंवार होत असेल तर प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी लघवीचं कल्चर करून घ्यावं. मागच्या वेळची उरलेली गोळी या वेळच्या जंतूवर चालेलच असं नाही, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेतलेल्या अर्धवट डोसांनी जंतू अधिक चिवट होतात.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटलेली चाचणी पाण्याची आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कमी पाणी पिणाऱ्या, वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० बायका होत्या. निम्म्यांनी रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. महिन्याकाठी शेकड्यांनी रुपये मोजून घेतलेल्या गोळीपेक्षा हा फरक मोठा आहे.

पण दीड लिटर पाणी म्हणजे दिवसात आणखी चार-पाच वेळा सूप खाली ठेवून उठणं. १९६६च्या विडी कामगार कायद्यानं कामाच्या जागी पिण्याचं पाणी, संडास आणि मुतारी देण्याची जबाबदारी मालकावर टाकली. त्याच कायद्यातल्या कामाच्या जागेच्या व्याख्येतून राहतं घर मात्र वगळलेलं होतं, आणि निपाणीच्या गल्ल्यांत विडी वळली जाते ती घरातच.