फ्रेंच रेड वाईन पहिल्या घोटात का कळत नाही? परभणीत उघडलेल्या एका बाटलीची गोष्ट

सुट्टीवर आलेल्या मित्राने फ्रान्सहून रेड वाईनची एक बाटली आणली. लेबलवर 'मेडोक' असं लिहिलेलं. 'जगात जर्मनी, देशात परभणी' म्हणणाऱ्या आमच्या गावात ऐन मे महिन्यात ती उघडली, चहाच्या ग्लासात ओतली आणि पहिल्या घोटानंतर सगळेच गप्प झाले. "खराब झाली की काय?" एकाने विचारलं. सेलूहून आलेल्या मामांनी निकाल दिला, "कच्चं जांभूळ खाल्ल्यावानी जीभ धरली रे."

बाटली खराब नव्हती. मामांनी मात्र नेमक्या जागी बोट ठेवलं होतं.

जीभ का धरते?

रेड वाईन बनवताना काळ्या द्राक्षांचा रस साल आणि बियांसकट आंबवतात. त्यातून रंगासोबत टॅनिन उतरतं. जांभूळ, सुपारी, कोरा चहा यांचा तुरटपणा टॅनिनमुळेच येतो. लाळेतली प्रथिनं तोंड ओलसर, गुळगुळीत ठेवतात. टॅनिन त्यांनाच चिकटतं, म्हणून तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं. मेडोकमध्ये प्रामुख्याने वापरली जाणारी कॅबर्ने सोव्हिन्यों ही द्राक्षाची जात यात पुढे आहे. गोडसर पेयाची अपेक्षा ठेवून घोट घेतला की फसगत ठरलेली.

आमची चूक कुठे झाली?

पहिली चूक उन्हाळ्याची. 'रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी आहे. म्हणजे साधारण १६ ते १८ अंश. परभणीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेवढ्या गरम वाईनमध्ये अल्कोहोलचा भपकाच पुढे येतो. फ्रिजमध्ये थोडा वेळ ठेवली असती तर भागलं असतं. फार गार केली तर पुन्हा तुरटपणा वाढतो.

दुसरी चूक सोबतच्या झणझणीत रश्श्याची. अल्कोहोलमुळे तिखट आणखी झोंबतं. टॅनिनला प्रथिनं आणि स्निग्धपणा लागतो. कमी तिखटाचं मटण चाललं असतं, अगदी खारे शेंगदाणेही.

आणि घाई. अशा वाईनला उघडल्यावर थोडी हवा लागते. आम्ही उरलेली वाईन स्टीलच्या जगमध्ये ओतून फ्रिजमध्ये ठेवली. (इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत शिकलेलं 'सरफेस एरिया' इथे कामी आलं.)

लेबलवर द्राक्ष कुठाय?

नाशिकच्या बाटलीवर शिराझ, शेनिन ब्लाँ अशी द्राक्षाची जात सहसा ठळक छापलेली असते. मेडोकच्या बाटलीवर ती शोधून सापडत नाही. तिथे गावाचं किंवा प्रदेशाचं नाव हीच ओळख. कुठल्या हद्दीत, कोणत्या जातीची द्राक्षं, किती उतारा, हे सगळं नियमांनी बांधलेलं. ही व्यवस्था १९३५ पासून कायद्याने चालते. मेडोकच्या वाईनरींची प्रतवारी तर १८५५ची आहे. त्यात मोठा बदल झाला तो १९७३ मध्ये, मूतों रोथशिल्डला पहिल्या श्रेणीत घेतलं तेव्हा. लेबल वाचायला नकाशा लागतो, तो असा.

हे ऐकून मामा सावरून बसले. त्यांच्या शेतात ज्वारी असते. "म्हंजे गावाच्या नावावर माल इकतेत?" त्यांनी विचारलं. आपल्याकडे याचा भाऊबंद म्हणजे भौगोलिक मानांकन. 'नाशिक व्हॅली वाईन'ला ते आहे आणि शेजारच्या जालन्याच्या दगडी ज्वारीलाही २०२४ मध्ये मिळालं. मामांची ज्वारी मात्र मोंढ्यात नुसती 'ज्वारी' म्हणून जाते. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

तासाभराने जग बाहेर काढला. तुरटपणा होताच, पण आता त्याच्या मागे काळ्या मनुक्यासारखं, ओल्या लाकडासारखं काहीतरी लागत होतं. मामांनी दोन घोट घेतले, "आता जमतंय," म्हणाले आणि रिकामी बाटली उजेडात धरून ते गावाचं नाव माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं.