दाणेच जेव्हा निवडायला बसतात

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारी कुळीथ निवडत बसले होते, तेवढ्यात मोठ्या जाऊबाई आल्या. त्याही परातीशी बसल्या, पण एका हाताने पदर सारखा गालावर ओढून घेत होत्या. शेवटी मीच विचारलं, "ताई, काय लपवताय?"

पदर बाजूला झाला. नाकाशेजारी काळपट, चकचकीत गाठीसारखं काहीतरी. वर्ष झालं म्हणे. खपली धरते, पडते, रक्त येतं, पुन्हा तेच. हळद लावून झाली, ट्यूब झाल्या. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलं, तेव्हापासून दोन महिने ताई तिकडे फिरकल्याच नव्हत्या.

"अगं, तुकडा काढला की रोग अंगभर पसरतो म्हणतात. आणि तिळाएवढ्या कातडीवरून त्यांना कळणार तरी काय?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्यापैकी कितीजणींच्या मनात असतो! मी डॉक्टर नाही, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. पण लग्नाआधी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी कातडीचेच तुकडे पाहिले होते, तेही शेंगदाण्याच्या मदतीनं. ताईंना तेच सांगायला घेतलं.

आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरांच्या साखळ्यांची बारीक झालर असते. "बघ, तरी हे म्हणतात चहात साखर कमी घाला!" ताई म्हणाल्या. पण ही चहातली साखर नव्हे. गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्युकोज अशा वेगवेगळ्या साखरा पेशी स्वतःच गुंफते. लुगडं नेसायच्या पद्धतीवरून बाई कोकणातली की देशावरची ते जसं कळतं, तसं या झालरीवरून पेशी कुठली आणि कुठल्या वयाची याचा अंदाज येतो.

अडचण एकच. ही झालर नुसत्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. तिथं धान्य-कडधान्य कामाला येतं. अनेक बियांमध्ये लेक्टिन नावाची प्रथिनं असतात, आणि प्रत्येक लेक्टिन आपल्या आवडीची साखर निवडून तिलाच चिकटतं. 1888 साली स्टिलमार्क या संशोधकाला दिसलं, की एरंडाच्या बियांच्या अर्काने रक्तपेशींच्या गुठळ्या होतात. पुढे 1954 साली विल्यम बॉइड यांनी अशा पदार्थांना 'लेक्टिन' हे नाव दिलं. लॅटिनमधल्या 'निवडणे' या अर्थाच्या शब्दावरून! आणि आमच्या परातीतला कुळीथ? 1951 साली भारतात काम करणाऱ्या बर्ड नावाच्या डॉक्टरांनी दाखवलं, की कुळथाचा अर्क ए गटाच्या रक्तपेशी ओळखतो. ए गटातला ए-वन हा उपगट ओळखायला रक्तपेढीत आजही कुळथाचं लेक्टिन वापरतात. ताई परातीकडे बघतच राहिल्या.

कातडीचं काम असं चालतं. तुकडा फॉर्मेलिनमध्ये टिकवतात, मेणात बसवतात आणि केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ काप काढतात. मेण काढून टाकलं की कापावर शेंगदाण्याचं लेक्टिन घालतात. त्याला बायोटिन नावाची खूण आधीच जोडलेली असते. त्या खुणेला घट्ट धरणारं अ‍ॅव्हिडिन येतं अंड्याच्या पांढऱ्या बलकातून! अ‍ॅव्हिडिनसोबत रंग आणणारा एन्झाइम असतो, त्यामुळे लेक्टिन जिथं चिकटलं तिथं तपकिरी रंग उमटतो. शिवाय एक काप पडताळणीचा. त्याच्यासाठी लेक्टिनमध्ये आधीच भरपूर गॅलॅक्टोज मिसळायचं. लेक्टिनचे हात भरलेले, मग ते कातडीला कुठून चिकटणार? त्या कापावर रंग आला नाही, तरच पहिल्या रंगावर विश्वास ठेवायचा.

पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी डोळा काढायलाच तयार नव्हते. कातडीची पेशी तळाच्या थरात जन्मते आणि वर सरकत सरकत शेवटी कोंडा होऊन गळून पडते. तळाच्या पेशी जवळजवळ कोऱ्या होत्या. वरच्या थरांत मात्र प्रत्येक पेशीभोवती तपकिरी जाळी. म्हणजे वर चढता चढता पेशी आपली झालर बदलत जाते. सोरायसिस किंवा कातडीच्या कॅन्सरमध्ये ही शिस्त बिघडते. ती कशी बिघडते, हे संशोधक लेक्टिन लावून शोधतात.

"म्हणजे माझ्या तुकड्याला दाणे लावणार?" ताईंनी विचारलं. नाही. रोजच्या तपासणीत साधे गुलाबी-जांभळे रंगच लावतात आणि निदान बहुधा त्यावरच होतं. सांगायचं होतं ते एवढंच, की तिळाएवढ्या कातडीत वाचायला केवढं तरी असतं. आणि कातडीचा असा तुकडा काढल्याने रोग अंगभर पसरतो, ही भीती खरी नाही. पसरतो तो वेळ घालवल्याने.

"मग ही लेक्टिनं आपल्या पोटात जातात की गं!" कडधान्य नीट भिजवून खळखळ उकळलं की त्यांचा जोर जातो. राजमा मात्र कधीच अर्धाकच्चा खाऊ नये. उलट्या-जुलाब होतात.

पुढच्या सोमवारी मी रजा काढून ताईंबरोबर गेले. जागा बधिर केली, दहा मिनिटांत काम झालं. रिपोर्ट यायला आठवडा लागला, तो आठवडा घरात कुणाला नीट जेवण गेलं नाही. निदान झालं बेसल सेल कार्सिनोमा. नाव भीतीदायक, पण हा कातडीचा कॅन्सर सावकाश वाढतो, शरीरात दुसरीकडे क्वचितच जातो. मात्र तसाच ठेवला तर आजूबाजूचं नाक-डोळा पोखरत जातो. ताईंची गाठ पूर्ण काढली. आता नाकाशेजारी एक बारीक रेघ आहे.

महिनाभरात न भरणारी जखम, वारंवार रक्त येणारी खपली, रंग-आकार बदलणारा तीळ यांतलं काहीही असलं तरी पावडरखाली झाकू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि तुकडा काढू म्हणाले तर काढू द्या.

परवा ताई पुन्हा आल्या. कुळथाचं पिठलं केलं होतं. पदर खांद्यावर होता, गालावर नव्हता.