लोणारचं वय आणि ‘माहीत नाही’

गैरसमज : शास्त्रज्ञांना लोणारचं धड वयही सांगता येत नाही, मग ते विवर उल्कापातानं झालं यावर विश्वास का ठेवायचा?

वस्तुस्थिती : कारण आणि वय हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विवर ज्वालामुखीचं असावं, असं कित्येक वर्षं मानलं जात होतं. १९७३ साली तळाखालच्या खडकात मास्केलिनाइट सापडल्याचं प्रसिद्ध झालं. खनिज प्रचंड धक्क्यानं न वितळताच काचेसारखं होतं, ते हे. ज्वालामुखीत तेवढा दाब निर्माण होत नाही, त्यामुळे तो वाद तिथंच मिटला.

वयाचा मिटलेला नाही. एका पद्धतीनं उत्तर आलं ५२ हजार वर्षं, कमी-अधिक ६ हजार. पुढे आर्गॉन पद्धतीनं आलं ५ लाख ७० हजार, कमी-अधिक ४७ हजार. ‘कमी-अधिक’चं शेपूट बातमीत हमखास गळतं, खरं तर अज्ञानाची कबुली तिथंच असते, तीही मोजून दिलेली. इथं मात्र दोन्ही शेपटं जोडूनही आकडे एकमेकांच्या जवळपास येत नाहीत. म्हणजे कुठल्या तरी मोजणीत काहीतरी निसटतंय. काचेत जुना आर्गॉन अडकून राहिला असेल, तर वय फुगतं. पहिल्या पद्धतीतला संकेत काळाच्या ओघात विरला असेल, तर ते घटतं. शंका कुठं घ्यायची, हे तरी ठाऊक आहे. विष्णूनं लवणासुराला इथं मारलं, या कथेला असा प्रश्न विचारायची सोयच नाही.

गैरसमज : धर्म म्हणजे ठाम उत्तरं.

वस्तुस्थिती : ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त सृष्टी कुठून आली हे विचारतं आणि तिच्या अध्यक्षाला तरी ते माहीत आहे का, अशी शंका काढतं. ठामपणा बराचसा नंतरच्या निरूपणकारांचा, असं माझं मत.

गैरसमज : शास्त्रज्ञ स्वभावानंच नम्र असतात.

वस्तुस्थिती : छे! पृथ्वी थंड होण्याच्या वेगावरून लॉर्ड केल्विन यांनी तिचं वय काढलं. पृथ्वीच्या पोटात उष्णता वाहत असेल, तर हे गणित कोसळतं, हे त्यांचेच जुने सहायक जॉन पेरी यांनी १८९५ मध्ये दाखवलं. केल्विन बधले नाहीत. १८९७ मध्ये उलट २ ते ४ कोटी वर्षांवर आले. आजचा आकडा आहे सुमारे ४५४ कोटी.