न मोजलेली हवा

टॅकोमीटरची सुई सहाशेवर घसरते. इंजिन आता बंदच पडणार असं वाटतं, तेवढ्यात ती अकराशेवर उडी मारते. पुन्हा खाली, पुन्हा वर. भाचा स्टिअरिंगमागे बसून, पाय कशालाच न लावता नुसता बघतोय. समोर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलाय.

"बंद कर," कोल्हापूरकर म्हणतो. "एअर घेतीय कुठंतरी."

गाडी २०१६ ची फोर्ड मस्टँग जीटी. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, कंपनीच्या हिशेबाने ४३५ अश्वशक्ती. तेवढ्याने भागत नाही म्हणून भाच्याने बाहेरून सुपरचार्जरचा किट मागवला आणि शनिवार-रविवार खर्ची घालून स्वतःच्या हाताने बसवला. किटबरोबर आलेल्या पुस्तिकेची पानं आता ग्रीसच्या बोटांनी काळी झाली आहेत. कोल्हापूरकर त्याचा मित्र. तो दिवसभर ऑफिसात इंजिनांचं कॅलिब्रेशन करतो आणि सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांच्या गॅरेजमध्ये तेच फुकट करतो. मी मामा, टॉर्च धरायला.

गाव मिशिगनमधलं नोव्हाय. डेट्रॉईटच्या मोटार कारखान्यांमुळे आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांमुळे इथे आपली माणसं भरपूर. पण सुपरचार्जरशी या गावाचं नातं आपल्या लोकांपेक्षा जुनं आहे. लू वेल्च नावाचा इथला एक कारखानदार होता. इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीसाठी त्याने सुपरचार्जर लावलेलं एक व्ही-८ इंजिन पुढे आणलं आणि त्याला गावाचंच नाव दिलं, 'नोव्हाय'. १९४१ पासून साठच्या दशकापर्यंत ते त्या मैदानावर येत राहिलं. वेग अफाट, आवाज त्याहून अफाट, आणि जिंकलं एकदाही नाही. भाच्याला हे सांगितलं तर म्हणतो, "मामा, आज तरी अपशकुन करू नकोस."

बॉनेट उघडं आहे. इंजिनाच्या दोन ओळींच्या मधल्या खाचेत, जिथे आधी प्लॅस्टिकचं मॅनिफोल्ड होतं, तिथे आता ॲल्युमिनियमचा भलामोठा डबा बसलाय. आत दोन रोटर, प्रत्येकाला चार पाती, पिळाची. ही मूळ कल्पना शेजारच्या इंडियाना राज्यातली. कॉनर्सव्हिलच्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये हवा ढकलणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारगाडी नव्हतीच. त्यांचे ब्लोअर पुढे भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवत. इथे तेच काम क्रँकच्या पुलीवरून आलेल्या बेल्टवर चालतं. वातावरणाचा दाब चौरस इंचाला १४.७ पौंड. त्यावर हा डबा आणखी आठेक पौंड चढवतो, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा जवळपास दीडपट. हवा दीडपट म्हणजे पेट्रोलही दीडपट. ते मिळालं नाही, तर अकराला एक कॉम्प्रेशनच्या या इंजिनात ठोके सुरू होतात आणि पिस्टनची वाट लागते. बंद पडण्याच्या धाकापेक्षा हा धाक मोठा आहे. म्हणून काल रात्री एकदा जोर लावून बघितल्यावर भाच्याने गाडीला हात लावलेला नाही.

"ब्लोअरच खराब आलाय का रे?" तो विचारतो. "परत पाठवू?"

"ब्लोअरला कशाला शिव्या देतोस भावा? तो कारखान्यातनं आलाय. तुझा हात कुठं कुठं लागला ते सांग."

भाचा बोटं मोजू लागतो. इंजेक्टर, प्लग, बेल्ट, इंटरकूलरचे पाईप, ब्रेक बूस्टरची नळी, क्रँककेसची वाफ परत ओढणारी नळी, बायपास व्हॉल्व्हची नळी... दुसऱ्या हाताची बोटंही संपतात.

कोल्हापूरकर तोवर लॅपटॉप उघडून स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर लावतो. दोन कोड निघतात, पी-०१७१ आणि पी-०१७४. इंजिनाच्या दोन्ही बाजूंचं मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. नवशिक्या इथे फ्युएल पंपाच्या मागे लागतो आणि खिसा रिकामा करतो. हा मात्र कालच्या लॉगमधले आकडे एकाखाली एक लावतो. आयडलला कॉम्प्युटर अठरा टक्के जादा पेट्रोल टाकतोय. अडीच हजारांवर फक्त पाच टक्के. आणि बूस्टमध्ये गेल्यावर मिश्रण उलट, हवं त्यापेक्षा जाड.

"हे कसं काय?" मी विचारतो. मला फियाटच्या कार्ब्युरेटरची अक्कल. तिथे लीन म्हणजे लीन, रिच म्हणजे रिच.

तो शांतपणे समजावतो. एअर फिल्टरनंतर पाईपमध्ये एक तापलेली तार आहे. आत जाणारी हवा तिला थंड करते, आणि तिला गरम ठेवायला किती वीज लागली यावरून कॉम्प्युटर हवा मोजतो. तारेच्या पुढे, रोटरच्याही खाली कुठेतरी भोक आहे असं धरा. आयडलला आत व्हॅक्यूम असतो, त्यामुळे भोकातून बाहेरची हवा आत येते. ही हवा तारेने मोजलेलीच नाही, म्हणून मिश्रण लीन. गाडी जोरात मारली की आत दाब तयार होतो आणि मोजलेली हवा त्याच भोकातून बाहेर जाते. पेट्रोल मात्र तिच्या हिशेबाने पडलेलं असतं, म्हणून रिच. पंप दुबळा असता तर जोर लावल्यावरच लीन झाली असती. आणि अडीच हजारांवर पाचच टक्के का? भोक तेवढंच, पण एकूण हवा वाढली, चोरीचा वाटा घटला.

"आणि दोन्ही बाजूंना सारखंच?"

"म्हणजे भोक कुठल्या एका सिलिंडरचं नाही. सगळ्यांची हवा जिथनं वाटली जाते, त्या सामाईक जागेचं."

आकडे वाचून असं निदान करणारा माणूस मला आवडतो. आमच्याकडे बरेचसे मेकॅनिक कानाने करायचे, तेही काही कमी नव्हतं. पण या डब्याच्या शिट्टीपुढे कान चालत नाही.

आता धूर. कोल्हापूरकरच्या डिकीतून रंगाचा एक रिकामा डबा निघतो. झाकणाला दोन पितळी नळ्या, बाजूला डिझेल इंजिनाचा एक ग्लो प्लग, आत तळाशी बेबी ऑईल. ग्लो प्लगला बॅटरी, एका नळीला हवेची गादी फुगवायचा छोटा पंप. गॅरेजांमधलं स्मोक मशीन महाग येतं. याचं फारसा खर्च न करता झालंय आणि त्याचा त्याला उघड अभिमान आहे. धूर फिल्टरच्या बाजूने सोडायचा नाही, असं तो बजावतो, कारण इंजिन बंद असताना बायपास व्हॉल्व्ह मिटलेला असतो आणि रोटरच्या फटींतून धूर खाली जायला वेळ लागतो. म्हणून ब्रेक बूस्टरची नळी काढून तिथूनच, थेट रोटरच्या खालच्या भागात. दाब अगदी हलका, फुंकरीएवढा.

प्लग लाल होतो. डबा गुरगुरतो. गॅरेजभर तान्ह्या बाळाच्या मालिशचा वास पसरतो.

पहिली काही मिनिटं काहीच नाही. मी टॉर्च इंजेक्टरांच्या ओळीवर फिरवतो, कोरडं ठाक. थ्रॉटलच्या तोंडाशी काही नाही. पुढून बघून बघून मान दुखते. मग भाचा विंडस्क्रीनखालचं आच्छादन काढतो आणि डब्याच्या पाठीमागे, जिथे चार बोटं जेमतेम शिरतात तिथे, टॉर्चच्या उजेडात एक पांढरा धागा वर चढताना दिसतो. सरळ, बारीक, न तुटणारा. वर बॉनेटच्या कडेला अडखळून तो विस्कटतो.

"हाय की! तिथंच हाय!"

क्रँककेसच्या नळीचा खटका डब्याच्या पाठीला जिथे बसतो, ती जागा. भाचा मडगार्डवर पोट टेकवून हात आत घालतो. मनगट खरचटतं, एक अस्सल मराठी शिवी मिशिगनच्या हवेत जाते, आणि नळी बाहेर येते. टोकाला काळी ओ-रिंग, करंगळीच्या नखाएवढ्या घेराची. एका जागी तिचा काप निघालाय. नखाने उचलला की टवका उभा राहतो. कोरडीच दाबून बसवली असणार, कडेला घासून सोलली गेली. बसवताना 'टक' आवाज आला होता, असं भाचा शपथेवर सांगतो. आलाही असेल. खटका बसला होता, रिंग बसली नव्हती.

किटच्या पिशवीत एक जादा रिंग सापडते. तिला तेलाचं बोट, मग पुन्हा तेच मडगार्ड, तेच मनगट. पुन्हा धूर. आता डब्याच्या पाठीमागे अंधार स्वच्छ आहे.

गाडी चालू होते. सुई सातशेवर येते आणि तिथेच राहते. लॅपटॉपवर अठराचे बारा होतात, बाराचे सात, आणि मग आकडा दोन-तीनच्या आसपास खेळत राहतो. भाचा हसायला लागतो. मला वाटतं, झालं, आता चहा.

कोल्हापूरकर मात्र कालच्याच लॉगमध्ये अजून अडकलाय. बूस्ट चार हजारांवर सात पौंडांपर्यंत चढतोय आणि सहा हजारांवर पाचवर घसरतोय. या जातीच्या ब्लोअरचा बूस्ट वर जाऊन असा पडायला नको. एवढ्याशा रिंगेतून दोन पौंड जातील, हे त्याला पटत नाही. तो इंजिन बंद करायला लावतो आणि टॉर्च माझ्या हातातून घेऊन खाली, पुलीवर मारतो.

बेल्टच्या आजूबाजूला काळी भुकटी पडलेली. रेडिएटरच्या पंख्याच्या आवरणावरही तोच थर. बेल्टच्या आतल्या बाजूला सहा लांब धारा, पुलीला तेवढ्याच खाचा. पण ब्लोअरच्या पुलीवर बेल्ट एक खाच पुढे बसलाय. पाच धारा खाचांत, सहावी हवेत लोंबकळतेय आणि तिच्या कडेचे दोरे सुटलेत. पाच धारांवर तिरका ओढला जाणारा बेल्ट कमी वेगात निभावून नेतो, वर गेल्यावर घसरतो. वरून बघितलं तर सगळं ठीक दिसतं. वाकून, डोळा पुलीच्या रेषेत आणला तरच कळतं.

भाचा काहीच बोलत नाही. लांब दांड्याचा पाना टेन्शनरला लावतो, ताण सोडतो, बेल्ट उतरवतो. दोरे सुटलेला बेल्ट परत चढवायचा नाही यावर दोघांचं एकमत. नवा आणायला भाचा बायकोची गाडी घेऊन जातो. आम्ही मागे राहतो. इंटरकूलरच्या बाटलीचं झाकण काढून पाणी फिरतंय ना, एवढं कोल्हापूरकर बघतो. फिरतंय.

मी त्याला विचारतो, हे तू पुण्यात केलं असतंस का? तो हसतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. कंपनीने नोंदवलेल्या रचनेत असा मूलभूत बदल करायची मुभा नाही आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. मिशिगनमध्ये गाड्यांची ठरावीक मुदतीची तपासणीच होत नाही. प्रदूषणाचे केंद्रीय नियम इथेही आहेत, म्हणून किट घेताना कॅलिफोर्नियाची मान्यता असलेलाच घेतला. ४३५ अश्वशक्ती कुठे अपुरी पडते, हे मला अजून कळलेलं नाही. विचारायची ही वेळ नव्हे, एवढं कळतं.

नवा बेल्ट चढतो. या वेळी तिघेही आळीपाळीने वाकून खाचा मोजतो. मग ते दोघे गावाबाहेरच्या रिकाम्या रस्त्याकडे जातात. मागच्या सीटवर मला जागा आहे म्हणतात, पण मस्टँगची मागची सीट माझ्या वयासाठी केलेली नाही. परत येतात तेव्हा लॅपटॉप उघडाच असतो. तिसऱ्या गिअरमध्ये, अर्धाच ॲक्सिलरेटर, पाच हजारांपर्यंत. बूस्टची रेषा चढते आणि खाली येत नाही. मिश्रण जागेवर. ठोक्यांच्या सेन्सरने टायमिंग कुठे मागे खेचलेलं नाही.

"आता पूर्ण दाबून बघू?" भाचा.

"लॉग ट्यूनरला पाठव आधी. त्याचं उत्तर येईस्तोवर पाच हजारांच्या वर न्यायची नाही." कोल्हापूरकर रंगाचा डबा फडक्यात गुंडाळतो. "आणि प्लग काढून बघायचेत. इतके दिवस लीन चालल्यात, गॅपही परत मोजायला पाहिजे. मामा, तुम्ही रविवारी आहात ना? टॉर्च चांगला धरता."

भाचा तोवर पुस्तिकेचं बेल्टचं पान शोधून काढतो, पेनाने त्यावर दोनदा गोल करतो आणि सॉकेटचा सेट आवरायला घेतो. दहा नंबरचं सॉकेट सापडत नाही. तिघेही गुडघ्यावर बसून गाडीखाली शोधू लागतो.