डोळे मिटले, पण कान उघडे!

(भीती सर्वांनाच वाटते. चित्रपट पाहताना ती का वाटते आणि चित्रपट तयार करणारे लोक ती कशी निर्माण करतात, हे लेखकाने या पाठात स्वतःच्या अनुभवातून सांगितले आहे.)

मला भयपट आवडत नाहीत. भयपट म्हणजे पाहणाऱ्याला भीती वाटावी म्हणून काढलेला चित्रपट. मित्रांनी आग्रह केला, की मी जातो. पण पडद्यावर अंधार पसरला, की माझे दोन्ही हात डोळ्यांवर येतात. बोटांच्या फटीतून जेवढे दिसेल, तेवढेच मी पाहतो. तरीही काही भयपट मी आजवर विसरलेलो नाही. असे का झाले असेल?

लहानपणी एका रात्री आम्ही घरी दूरदर्शनवर ‘महल’ हा चित्रपट पाहिला. तो १९४९ साली निघाला. कमाल अमरोही यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिलाच चित्रपट. त्यात नायक अशोककुमार एका जुन्या, ओसाड वाड्यात राहायला येतो. रात्री घड्याळाचे ठोके पडतात. कोठून तरी एका स्त्रीचे गाणे ऐकू येते. नायक त्या आवाजाच्या मागे जातो. मधुबाला क्षणभर दिसते आणि नाहीशी होते.

मी डोळे घट्ट मिटून घेतले. पण गाणे ऐकू येतच होते. तेव्हा मला कळले, की डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत!

चित्रपट संपला. धाकट्या बहिणीला तहान लागली होती. पाण्याचा माठ मागच्या पडवीत होता आणि तेथे दिवा नव्हता.

“भाईजान, माझ्याबरोबर चला ना!” ती म्हणाली.

मी हसलो. “एवढी कशी गं भित्री तू?”

ती काही बोलली नाही. पाणी न पिताच झोपली. खरे सांगायचे तर माझेच पाय उठत नव्हते. त्या रात्री मलाही बराच वेळ झोप आली नाही.

मोठा झाल्यावर त्या गाण्याविषयीची एक गोष्ट माझ्या वाचनात आली. संगीतकार होते खेमचंद प्रकाश आणि गायिका होत्या लता मंगेशकर. गाणारी स्त्री दुरून हळूहळू जवळ येत आहे, असे वाटायला हवे होते. मग काय केले? ध्वनिक्षेपक खोलीच्या मधोमध ठेवला. लताबाई कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि सुरुवातीच्या ओळी गात गात, पावले टाकत ध्वनिक्षेपकाकडे आल्या. ज्या आवाजाने मला झोपू दिले नाही, तो असा तयार झाला होता! आणि चित्रपटाच्या शेवटी कळते, की वाड्यात भूत नव्हतेच. ती माळ्याची मुलगी होती.

१९६४ सालच्या ‘वह कौन थी’ या चित्रपटाचेही तसेच. दिग्दर्शक होते राज खोसला. पावसाळी रात्र आहे. एक डॉक्टर मोटार चालवत आहे. रस्त्यात पांढऱ्या साडीतली एक स्त्री उभी दिसते. तो तिला गाडीत घेतो. तेवढ्यात काचेवरचे पाणी पुसणारे वायपर बंद पडतात. डॉक्टरला रस्ता दिसेनासा होतो. पण तिला मात्र सगळे दिसत असते! ती वाट दाखवत जाते आणि गाडी एका कब्रस्तानापाशी येऊन थांबते. या प्रसंगात कोणी किंचाळत नाही, कोणी कोणाला मारत नाही. तरी अंगावर काटा येतो. येथेही शेवटी भूत निघत नाही. माणसांनीच रचलेला तो डाव असतो.

पुढे मी ठरवले, की आवाज नसलेला चित्रपट पाहावा. म्हणजे कानांची काळजी नको! ‘नोसफेरातू’ हा १९२२ सालचा जर्मन मूकपट मी निवडला. त्याला जोडलेले संगीतही बंद केले. पण एका प्रसंगात रक्तपिपासू उमराव जिना चढतो. तो स्वतः दिसत नाही. भिंतीवर दिसते फक्त त्याची सावली आणि तिची लांबच लांब बोटे. माझे हात पुन्हा डोळ्यांवर गेले!

या साऱ्याचे कारण मला ‘जॉज’ या अमेरिकन चित्रपटामुळे नीट समजले. स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी तो १९७५ साली काढला. माणसांवर हल्ला करणाऱ्या शार्क माशाची ही कथा. त्यासाठी यंत्रावर चालणारा मासा बनवला होता. पण समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो सारखा बिघडू लागला. मासाच चालेना, तर चित्रपट कसा काढायचा? स्पिलबर्ग यांनी मासा कमी दाखवायचे ठरवले. संथ पाणी दिसते आणि जॉन विल्यम्स यांच्या संगीतातले दोनच सूर पुन्हा पुन्हा वाजतात. आधी हळू, मग जलद. मासा येत आहे, हे आपण ओळखतो. मासा न दिसल्यामुळे भीती कमी झाली नाही, उलट वाढली!

आता तुमच्या लक्षात आले असेल. गाणे ऐकू येते, गाणारी दिसत नाही. सावली दिसते, माणूस दिसत नाही. सूर वाजतात, मासा दिसत नाही. चित्रपट आपल्याला अर्धीच गोष्ट देतो. उरलेली अर्धी आपले मन तयार करते. आणि मनाने केलेले भूत पडद्यावरच्या भुतापेक्षा नेहमीच मोठे असते. म्हणून डोळे मिटून उपयोग होत नाही. डोळे मिटले, की मनाला अधिकच मोकळे रान मिळते!

मी अजूनही भयपटाला कुरकुरतच जातो. मुलांनो, तुम्हालाही नको वाटले, तर ‘नको’ म्हणायला लाजू नका. शिवाय ‘ए’ प्रमाणपत्र असलेला चित्रपट १८ वर्षांखालील मुलांसाठी नसतो, हेही ध्यानात ठेवा.

काही वर्षांपूर्वी मी बहिणीला त्या रात्रीची खरी हकिकत सांगितली. ती खूप हसली. मग म्हणाली, “भाईजान, तेव्हाच सांगितले असते, तर दोघे मिळून गेलो असतो. मला किती तहान लागली होती!”

शब्दार्थ
ओसाड – जेथे कोणी राहत नाही असे. ध्वनिक्षेपक – माईक. पडवी – घराला लागून असलेली छपराची जागा. अंगावर काटा येणे – भीतीने शहारणे. मूकपट – आवाज नसलेला चित्रपट. मोकळे रान मिळणे – अडवणारे कोणी नसणे.

स्वाध्याय
१. ‘महल’मधील गाणे दुरून आल्यासारखे का वाटते?
२. ‘जॉज’ चित्रपटात मासा कमी का दाखवला?
३. लेखक बहिणीला हसला. पण खरे कारण काय होते?
४. तुम्हाला कशाची भीती वाटते? ती कोणाला सांगितल्यावर कमी झाली? पाच-सहा वाक्ये लिहा.