विलंबित फिर्याद आणि जामिनाचा निर्णय

लैंगिक अत्याचाराची फिर्याद उशिरा नोंदली गेली असल्यास आरोपीच्या जामीनअर्जात त्या उशिराचा मुद्दा बहुधा अग्रस्थानी असतो. कायद्याच्या व्यवहारात त्यास ‘विलंब’ असे एकच नाव आहे. वस्तुतः या एका शब्दाच्या पोटात तीन निरनिराळे कालखंड येतात. घटना घडल्यापासून पीडितेने ती कोणास तरी सांगेपर्यंतचा पहिला; घरच्यांनी ठाण्याची पायरी चढेपर्यंतचा दुसरा; आणि तेथे तोंडी सांगितलेली हकीकत कागदावर उतरेपर्यंतचा तिसरा. या तिसऱ्याचा दोष फिर्यादी स्त्रीकडे जात नाही हे उघड आहे. अशी खबर नोंदविण्यास अधिकाऱ्याने नकार देणे २०१३ पासून दंडनीयही ठरले आहे.

विलंबाकडे संशयाने पाहण्याची परंपरा निराधार नव्हे. तामिळनाडूतील एका खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली असे म्हटले की, खबर उशिरा दिल्याने तिची उत्स्फूर्तता लोपते आणि मागाहून सुचलेल्या गोष्टींचा तीत शिरकाव होण्याचा धोका संभवतो. परंतु खुनाची वाच्यता केल्याने मृताच्या आप्तांची अप्रतिष्ठा होत नाही. लैंगिक अत्याचाराची वाच्यता मात्र पीडितेवरच उलटते. हा भेद त्याच न्यायालयाने १९९६ साली पंजाबातील एका खटल्यात मान्य केला. त्या प्रकरणी मुलीच्या घरच्यांनी आधी पंचायतीकडे धाव घेतली होती व तेथे काही निष्पन्न न झाल्यावर ठाण्याची वाट धरली होती. कुटुंबाच्या अब्रूचा विचार करून, शांतपणे निर्णय घेऊनच अशा फिर्यादी सामान्यतः दिल्या जातात, असे न्यायालयाने नमूद केले. सारांश, विलंब हा स्वतः पुरावा नव्हे. त्याचे स्पष्टीकरण समाधानकारक आहे की नाही, हा खरा प्रश्न होय.

अडचण उद्भवते ती येथेच. हे निर्णय पूर्ण सुनावणीनंतरचे होत. जामिनाच्या वेळी साक्ष झालेली नसते, उलटतपासणी झालेली नसते. न्यायाधीशापुढे मुख्यतः खबर व तपासाचे कागद असतात. घटनेची तारीख आणि नोंदणीची तारीख यांतील अंतर त्या कागदावर आकड्यांत दिसते. अंतराचे कारण पुष्कळदा तेथे लिहिलेलेच नसते. आकडा बोलतो, कारण मुके राहते. शिवाय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शरीरावरील जैविक पुरावा साधारणतः ९६ तासांपर्यंत मिळू शकतो. त्यानंतरच्या फिर्यादीत बहुधा वैद्यकीय आधारही क्षीण असतो.

अशा वेळी रूढ समजुती ती पोकळी भरून काढतात. कर्नाटक उच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये अटकपूर्व जामीन देताना फिर्यादीने आधीच दाद का मागितली नाही, असा प्रश्न केला. त्याचबरोबर घटनेनंतर थकून झोपी गेल्याचे तिचे म्हणणे भारतीय स्त्रीस न शोभणारे ठरविले. हे दुसरे विधान पुढे आदेशातून वगळण्यात आले. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामिनाच्या आदेशांत स्त्रीविषयक पूर्वग्रहांना थारा देऊ नये, असे बजावले.

याचा अर्थ विलंब दुर्लक्षावा असा नव्हे. जामीन मागणारा अद्याप दोषी ठरलेला नसतो. त्याच्या स्वातंत्र्याचे मोल कमी लेखता येत नाही, आणि खटल्याची वर्षे कोठडीत घालविणे ही सिद्धीपूर्वीची शिक्षाच होय. त्यास जामीन देण्यास पळून जाण्याची अथवा साक्षीदारांवर दडपण आणण्याची शक्यता नसणे, ही स्वतंत्र कारणे असतात. ती असतील तर फिर्याद खोटी भासते असे लिहिण्याची गरज उरत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घटना कोठेही घडली असली तरी कोणत्याही ठाण्यात, तसेच इलेक्ट्रॉनिक मार्गाने, खबर देण्याची सोय केली आहे. त्यामुळे दुसरा व तिसरा कालखंड आखूड होऊ शकेल. पहिला मात्र कायद्याने आखूड होण्याजोगा नाही. म्हणूनच खबर लिहून घेतानाच उशिराचे कारण पीडितेच्या शब्दांत नोंदविले जाणे अगत्याचे आहे. एरवी तिचे तेवढ्या दिवसांचे मौन तिच्याच विरुद्ध साक्ष देत राहते.